पोळं कोणाचं आहे?

दसऱ्या-दिवाळीची साफसफाई निघाली की हा प्रश्न हमखास कानावर येतो. ग्रिलमधल्या कुंड्या हलवल्या, एसीच्या बाहेरच्या डब्यामागे झाडू घातला, माळ्यावरचं रिकामं पिंप खाली ओढलं, आणि काहीतरी भणभणत बाहेर आलं. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, रॉकेल ओता आणि पेटवून द्या. दुसरा म्हणतो, हात लावू नका, घराला पोळं लागणं शुभ असतं. ‘काढायचं की ठेवायचं’ यावर अर्धा तास वाद होतो आणि त्याआधी विचारायचा प्रश्न राहूनच जातो: ते पोळं कोणाचं आहे?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरं या प्रश्नासाठी अगदी योग्य जागा आहेत. उल्हासनगरच्या कॅम्पांतली जुनी बराकीची घरं, त्यांवर चढलेले पत्रे आणि मजले, मधल्या फटी आणि सांदी. अंबरनाथला झाडांच्या सावलीतल्या चाळी आणि त्यांच्या शेजारी वर गेलेले टॉवर. बदलापूर तर कोंडेश्वर-बारवीच्या बाजूने थेट रानालाच टेकलेलं. मागे मलंगगड, चंदेरी, माथेरानचे कडे. नांगी असलेल्या जवळजवळ प्रत्येक जातीला इथे मनाजोगती जागा मिळते आणि म्हणून एकच उपाय सगळीकडे चालत नाही.

१. नांगी कोणाला असते, आणि का

मधमाशी, गांधीलमाशी, कुंभारमाशी ही सगळी एकाच मोठ्या गणातली भावंडं. त्यांच्या दूरच्या पूर्वज माद्यांना अंडी घालायची एक टोकदार नळी होती. कालांतराने काही घराण्यांत त्या नळीचं काम बदललं आणि ती विष टोचायची सुई झाली. त्यामुळे नांगी फक्त मादीला असते. नर कितीही भणभणला तरी त्याला डंख मारता येत नाही.

मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. माणसाच्या कातडीत ती अडकते आणि माशी उडताना नांगी, विषाच्या पिशवीसकट, मागे तुटून राहते. माशी मरते, पण पिशवी पुढेही काही काळ विष ढकलत राहते. गांधीलमाशीची नांगी सहज बाहेर निघते, म्हणून ती एकदा टोचून थांबेलच असं नाही.

आता एक महत्त्वाचा फरक. रसवंतीच्या चरकाभोवती किंवा मिठाईच्या परातीवर घिरट्या घालणाऱ्या माश्या खायला आलेल्या असतात. तिथे त्यांना राखायचं काही नसतं. हाताखाली चिरडली नाही तर त्यांतली सहसा कोणी डंख मारत नाही. पोळ्याजवळची माशी मात्र पिल्लांच्या दारात उभी असते. चिडते ती तीच. म्हणून दुकानात माश्या दिसल्या म्हणजे तिथेच पोळं आहे असं मानून शोधाशोध करू नये.

२. एकटी आणि गोतावळ्यातली

पोळं ओळखण्याआधी एवढंच समजून घ्या की या माश्यांच्या राहणीचे दोन प्रकार आहेत. काही माद्या एकट्या राहतात. स्वतः घर बांधतात, अंडी घालतात, पिल्लाच्या खाण्याची सोय करून ठेवतात आणि निघून जातात. अशी मादी घरासाठी लढत नाही, कारण ती मेली तर तिचा वंशच थांबतो.

दुसऱ्या गोतावळ्याने राहतात. त्यांच्यात राणी असते, कामकरी बहिणी असतात आणि घर राखण्यासाठी जीव देणं परवडतं, कारण मागे शेकडो बहिणी असतात. मधमाश्यांच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. डंख मारताच एक वास सुटतो, त्यात पिकल्या केळ्याच्या वासाचं एक रसायन असतं. सोसायटीत रात्री एकाने ‘चोर, चोर’ अशी हाळी दिली की मजल्यामजल्यावरची दारं उघडतात, तसं या वासाने होतं. पहिल्या डंखाची जागा बाकीच्यांना लक्ष्य म्हणून कळते. म्हणूनच एक माशी चावली की तिथेच उभं राहून हात झटकत बसू नये.

३. माती, कागद की मेण?

माशी जवळून बघायची गरज नाही. घर कशाचं बांधलंय ते दुरून बघितलं तरी नाव कळतं.

माती असेल, तर ती कुंभारमाशी. भिंतीच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीत, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे किंवा पडद्याच्या घडीतसुद्धा मातीचं लांबट नळकांडं किंवा गोल मडकं चिकटवलेलं असतं. बारीक कमरेची मादी तोंडातून चिखलाचे गोळे आणते, घर बांधते, जातीप्रमाणे कोळी किंवा अळ्या बधिर करून आत भरते, त्यांच्यासोबत अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. मातीला भोक दिसलं तर नवी माशी बाहेर पडून गेलेली आहे, घर रिकामं आहे. ही एकटी राहणारी. तिच्यासाठी फवारा आणायची काहीच गरज नाही. नको असेल तर कालथ्याने खरवडा, ओल्या फडक्याने पुसा. ती तुमच्या अंगावर येणार नाही.

तिची एकच खोड ध्यानात ठेवायला हवी. ती कुठलंही पेन्सिलीएवढं भोक चिखलाने बुजवते. एसीची पाणी सोडायची नळी, वापरात नसलेल्या प्लगची भोकं, ड्रिलचं छिद्र. १९९६ च्या फेब्रुवारीत डॉमिनिकन प्रजासत्ताकातून उडालेलं बर्गेनएअरचं विमान समुद्रात कोसळलं आणि १८९ जण गेले. वेग मोजणारी नळी बुजल्यामुळे वैमानिकांना चुकीचा वेग दिसत होता. ती बुजवली अशाच मातीच्या माशीने असावी, असा चौकशीतला संशय होता. आपल्याकडे फार तर एसीचं पाणी खोलीत गळेल, पण भोकांवर जाळीचा तुकडा लावणं शहाणपणाचं.

कागद असेल, तर गांधीलमाशी. ती लाकडाचा भुसा चावून लाळेत मळते आणि राखाडी कागद तयार करते. हे पोळं नीट बघण्यासारखं असतं. छज्ज्याखाली एका बारीक देठावर ते लटकतं. षट्कोनी खोल्यांची तोंडं खाली उघडी असतात. काही खोल्यांत तळाशी मोहरीहून लहान पांढरं अंडं, काहींत लोळणारी अळी, आणि काहींच्या तोंडावर पांढरट टोपी. टोपी म्हणजे आत कोश आहे, लवकरच नवी माशी निघणार. पोळ्यावरच्या माश्यांनी पंख उंचावले आणि तोंडं तुमच्याकडे वळवली, की ती ताकीद समजावी आणि दोन पावलं मागे यावं.

घरांच्या खिडक्यांत वारंवार दिसणारी लहान, तांबूस-तपकिरी गांधीलमाशी म्हणजे रोपॅलिडिया मार्जिनाटा. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं हिचा अभ्यास केला आहे. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, हिची पोळी वर्षभर चालतात. थंड देशांत हिवाळा आला की गांधीलमाश्यांची वसाहत मरते, म्हणून तिकडची पुस्तकं थंडीपर्यंत थांबायला सांगतात. उल्हास खोऱ्यात तसली थंडी पडत नाही, तेव्हा ते सल्ले इथे लागू नाहीत. दुसरी, या माशीत कामकरी दिसणाऱ्या माद्याही प्रसंगी राणी होऊ शकतात. राणी गेली की तिची जागा घेणारी पुढे येते. त्यामुळे काठीने पोळं पाडलं आणि माश्या वाचल्या, तर काही दिवसांत शेजारच्याच ग्रिलवर नवा देठ दिसणं अगदी साहजिक आहे.

कागदाचीच, पण दांडगी एक बहीण आहे. इंचभर लांब, काळीभोर, पोटावर रुंद पिवळा पट्टा. ती बहुतेक वेळा उघड्यावर पोळं बांधत नाही. जमिनीतल्या बिळात, झाडाच्या ढोलीत, पोटमाळ्याच्या पोकळीत तिचं घर असतं आणि बाहेरून फक्त ये-जा दिसते. लहान गांधीलमाश्यांच्या पोळ्यांवर धाड घालून त्यांची पिल्लं पळवणं हा तिचा धंदा. तिचा डंख फार जहाल असतो. एकाच बिळातून अशा माश्या आत-बाहेर करताना दिसल्या, तर घरच्या घरी काही करायचं नाही, एवढं पक्कं.

मेण असेल, तर मधमाशी. झुडपात किंवा कुंडीतल्या फांदीभोवती तळहाताएवढं एकच पोळं असेल तर ती फुलोरी. बिचारी गरीब असते. भिंतीच्या पोकळीत, मीटरच्या पेटीत, उपड्या ठेवलेल्या पिंपात ओळीने अनेक पोळी असतील तर ती सातेरी. महाबळेश्वरच्या डोंगरांत पेट्यांमध्ये पाळतात ती हीच. आणि उंच छज्ज्याखाली, पाण्याच्या टाकीखाली उघड्यावर हात-दीड हात रुंद एकच काळपट पडदा लटकत असेल, तर ते आग्यामोहोळ. त्याला पुढे स्वतंत्र जागा देतो.

याखेरीज कधीकधी फांदीवर नुसता माश्यांचा घोस दिसतो, पोळं नसतं. तो थवा घर बदलायला निघालेला आहे, वाटेत टेकलाय. पोटात मध भरून निघालेल्या या माश्यांना राखायला घर नसतं, म्हणून त्या शांत असतात. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत पुढे जातात. यांना मारणं हा निव्वळ अविचार आहे. आणि जुन्या वाशात गोल भोक पाडणारा काळा भुंगा दिसला तर भोक बुजवून लाकडाला रंग द्या, एवढंच पुरे.

४. कधी काढायचं, कधी नाही

माझं मत स्पष्ट आहे: अंतर आणि आकार बघून ठरवावं. माणसाच्या वावरापासून दूर, उंच झाडावर असेल तर गांधीलमाशीचं पोळंसुद्धा राहू द्यावं. ती पिल्लांना अळ्या मारून भरवते. ज्यांच्या परसात वांगी-भेंडी आहे त्यांना हा फायदा आपोआप मिळतो. पण दाराच्या वर, जिन्यात, कपडे वाळत घालायच्या दोरीजवळ, मुलं खेळतात तिथे असेल, किंवा घरात कुणाला पूर्वी डंखाने धाप लागली असेल, तर ते हलवायलाच हवं. तिथे दया दाखवून चालत नाही.

आकार म्हणजे वेळ. नाण्याएवढ्या पोळ्यावर दोन-चार माश्या असतात. तेच तळहाताहून मोठं झालं की काम आपल्या आवाक्याबाहेर जातं.

५. लहान कागदी पोळं काढण्याची रीत

समजा, पहिल्या मजल्यावरच्या ग्रिलच्या कोपऱ्यात तळहाताहून लहान कागदी पोळं आहे आणि आठ-दहा माश्या आहेत. खिडकीतून हात बाहेर न काढता ते टप्प्यात येतं. हे घरच्या माणसाला जमण्यासारखं काम आहे.

अंधार पडल्यावर किंवा अगदी पहाटे करा. त्या वेळी माश्या पोळ्यावरच असतात आणि सुस्त असतात. मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना दुसऱ्या खोलीत ठेवा. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, पँट, मोजे, हातमोजे, तोंडाला ओढणी, डोळ्यांना चष्मा. मागे फिरायची वाट मोकळी हवी. स्टुलावर किंवा शिडीवर चढून हे काम करू नये, कारण डंखापेक्षा पडण्याने जास्त मोडतोड होते. बॅटरी हातात धरू नका. माश्या उजेडाकडे झेपावतात. ती बाजूला ठेवा आणि काचेवर लाल कागद गुंडाळा. लाल रंग त्यांना जवळजवळ दिसत नाही.

फवारणीच्या बाटलीत एक लिटर पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन चमचे. ही साधी गोष्ट का चालते ते समजून घेण्याजोगं आहे. कीटक नाकाने श्वास घेत नाहीत, शरीराच्या बाजूंना असलेल्या बारीक भोकांनी घेतात. नुसतं पाणी त्या भोकांवरून घरंगळतं. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो, ते आत शिरतं आणि माशी गुदमरते. धार थेट पोळ्यावर, सगळ्या माश्या पूर्ण भिजेपर्यंत मारा. हालचाल थांबली की लांब काठीने पोळं पिशवीत पाडा, गाठ मारा. देठाची जागा साबणाने घासून घ्या. बाहेर राहिलेल्या एखाद-दोन माश्या दुसऱ्या दिवशी परत येतील. त्या संध्याकाळी पुन्हा एकदा फवारा.

विजेच्या मीटरजवळ, वायरिंगजवळ मात्र पाण्याचा फवारा अजिबात नको. मीटरच्या पेटीत पोळं असेल तर आधी महावितरणला कळवा.

रॉकेल-पेट्रोल आणि मशाल यांना ठाम नकार. दाटीवाटीच्या गल्लीत, पत्र्याखाली लाकडी वासे आणि लोंबत्या तारा असताना पोळं पेटवणं म्हणजे शेजाऱ्यांच्या घराशी खेळ आहे. भिंतीतलं किंवा जमिनीतलं भोक सिमेंटने बुजवणंही चूक. आत कोंडलेल्या माश्या दुसरी फट शोधतात आणि ती कधीकधी तुमच्या खोलीत उघडते.

पोळं मोठं असेल, पोकळीत असेल किंवा काळ्या-पिवळ्या दांडग्या माशीचं असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. या धंद्याला कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो. तो दाखवायला सांगण्यात संकोच करू नका. सातेरी असेल तर आधी मधपाळ शोधा. तो पोळी कापून पेटीत बसवतो आणि वसाहत जिवंत नेतो. हे शिक्षण पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेत मिळतं, महाबळेश्वरच्या मध संचालनालयातही मिळतं.

६. टॉवरवरचं आग्यामोहोळ

आग्या माशीला मुळात कडा हवा असतो. वर छत, खाली मोकळी उडायची जागा. अजिंठ्याच्या लेण्यांच्या कड्यावर तिची मोहोळं लागतात ती यासाठीच. बदलापूर-अंबरनाथच्या उंच इमारतींचे छज्जे तिला कड्याइतकेच पसंत पडतात. बहुधा पावसाळा संपल्यावर थवे येतात, रान फुलतं तोवर राहतात आणि पावसाच्या तोंडावर निघून जातात. पुढच्या वर्षी बरेचदा त्याच जागी.

मोहोळ आहे हे कित्येकदा वर बघण्याआधी खाली कळतं. पार्किंगमधल्या गाड्यांवर, वाळत घातलेल्या चादरींवर पिवळे ठिपके पडतात. त्या माश्यांच्या विष्ठेच्या सरी असतात, माश्या एकदम मिळून हे उरकतात. याच ठिपक्यांवरून जागतिक राजकारण पेटलं होतं. १९८१ मध्ये अमेरिकेने आरोप केला, की लाओस आणि कंबोडियात सोव्हिएत मदतीने ‘पिवळा पाऊस’ नावाचं विषारी अस्त्र वापरलं जातंय. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेलसन आणि मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांनी थेंब तपासले, त्यात परागकण भरलेले होते. तो पाऊस रानातल्या मधमाश्यांचा होता.

दुरून, दुर्बिणीतून मोहोळ बघाच. हजारो माश्यांचा थर बाहेरून पोळं झाकून बसलेला असतो. जवळ गांधीलमाशी फिरकली की माश्या ओळीने पोट उचलतात आणि पोळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चमकती लहर धावते. शिकारी बिचकतो. ही लहर दिसत असेल तर मोहोळ सावध आहे, खाली गर्दी करू नये.

मोहोळाखाली फटाके, दगड, धूर, ड्रोन, संक्रांतीचा मांजा यांतलं काहीच नको. मधपाळ धूर वापरतात हे खरं, पण तो मोजका आणि सरावाचा असतो. गच्चीवर शेकोटी पेटवून आग्या माशी उठवली तर ती आख्ख्या आवारावर तुटून पडते. मोहोळाजवळच्या मजल्यांवरच्या लोकांनी रात्री खिडकीबाहेरचे दिवे बंद ठेवावेत आणि गडद पडदे ओढावेत. रात्री ट्यूबलाइटभोवती येऊन पडणाऱ्या माश्यांचा अर्धा त्रास याने संपतो.

फार अडचण नसेल तर मोसम संपेपर्यंत वाट बघावी, असं मी सोसायट्यांना आग्रहाने सांगेन. बदलापूरच्या ज्या जांभळांचं इतकं कौतुक होतं, त्या झाडाचा मोहर या माश्यांनी भरून जातो. मोहोळ जाळून त्याच झाडाखाली फळांची वाट बघणं विसंगत आहे. शाळा, रुग्णालय, लिफ्टची खोली अशी जागा असेल तर मात्र थांबू नये. पालिकेच्या अग्निशमन दलाला (१०१) कळवावं आणि जाणत्या माणसाकडूनच ते उतरवावं. औषध मारलेल्या मोहोळाचा मध खाऊ नये, विकत तर मुळीच घेऊ नये.

आणि मोहोळ उठलंच तर? पळा. सरळ रेषेत, तोंड कापडाने झाकून, जवळच्या खोलीत किंवा गाडीत शिरून काचा लावा. हात झटकू नका. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत थांबतात.

७. डंख झाला तर

मधमाशीची नांगी दिसली तर लगेच काढा. नखाने, चिमट्याने, कार्डाच्या कडेने, कशानेही. पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा. मग साबण-पाणी आणि बर्फ. अंगठ्या, बांगड्या सूज येण्याआधी उतरवा. आपल्याकडे चुना लावायची, लोखंड घासायची सवय आहे. विष कातडीच्या आत गेलेलं असतं, वरून चोळलेलं तिथपर्यंत पोचत नाही. चुन्याने उलट कातडी भाजते.

डंखाच्या जागी दुखणं आणि सूज हे नेहमीचं. पण डंख हाताला आणि गांध्या अंगभर, ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, धाप, उलटी, चक्कर, यांतलं काही दिसलं की ती अॅलर्जीची गंभीर प्रतिक्रिया आहे आणि घड्याळ चालू झालेलं आहे. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. उल्हासनगरला शासनाचं मध्यवर्ती रुग्णालय आहे. यावरचं औषध म्हणजे अॅड्रेनालिनचं इंजेक्शन. ते वेळेवर मिळालं तर जीव वाचतो. बरं वाटलं तरी काही तास देखरेखीखाली राहावं, कारण त्रास उलटून येऊ शकतो. पन्नासएक डंख झाले असतील तर अॅलर्जी नसली तरी दाखल व्हावं, लहान मुलाच्या बाबतीत त्याहून कितीतरी कमी डंखांनाही. विषाचा भार मूत्रपिंडांवर येतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी गडद तपकिरी होणं ही धोक्याची खूण आहे.

८. पुन्हा लागू नये म्हणून

मोहोळ किंवा पोळं गेल्यावर उरलेलं मेण आणि वास नव्या माश्यांना बोलावतात. जागा खरवडून, साबणाने धुऊन, चुन्याचा किंवा रंगाचा हात द्या. छज्ज्याखाली जाळी ताणली तर आग्या माशीला टेकायला जागा उरत नाही. हे काम जूनच्या आधी, मोहोळ निघून गेल्यागेल्या करावं. पत्र्याच्या आणि भिंतीच्या सांध्यातल्या फटी भरा, रिकामी पिंपं आणि डबे उपडे टाकू नका, मीटरच्या पेटीचं झाकण घट्ट बसतंय का बघा. पावसाळाभर दर पंधरवड्याला ग्रिल, एसीचा डबा आणि जिन्याचं छत यांवर एक नजर टाका. देठावर दोन-तीन खोल्या आणि एकच माशी दिसली, तर ती बाहेर गेलेली असताना काठीने ते देठासकट काढता येतं.